आयरिश पणजोबांचा शोध: संशोधकाला पैसे देण्याआधी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

‘माझे पणजोबा आयरिश होते. आडनाव मर्फी. पुण्याकडे लष्करात होते म्हणतात. वंशावळ काढायला किती खर्च येईल?’

डब्लिनला राहायला आल्यापासून अशा अर्थाची पत्रं मला येत असतात. कोणाचे पणजोबा खडकीला तोफखान्यात, कोणाचे देवळालीला, कोणाचे रेल्वेत. मर्फी हे आयर्लंडमधलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव. एवढ्या माहितीवर इथल्या व्यावसायिक वंशावळ-संशोधकाला काम देणं म्हणजे ‘आमचे मूळपुरुष पाटील होते, शोधा’ असं सांगण्यासारखं आहे. तो नाही म्हणेल, किंवा हो म्हणेल आणि तुम्ही घरबसल्या करू शकला असता तेच काम तासाच्या दराने करून देईल. त्यात त्याची चूक नाही. क्रम आपण चुकवलेला असतो.

तर क्रम असा.

टप्पा १: नक्की काय हवंय ते आधी ठरवा

बऱ्याच जणांना खरं तर वंशावळ नको असते, आयरिश पासपोर्ट हवा असतो. ही दोन कामं वेगळी आहेत. आजी किंवा आजोबा आयर्लंड बेटावर जन्मलेले असतील, तर परदेशी जन्मनोंदवहीत नाव घालून आयरिश नागरिकत्व मिळू शकतं. त्यासाठी लागतात ते तीन पिढ्यांचे अधिकृत जन्म-विवाह दाखले, वंशवृक्ष नव्हे. आजोबांचं जन्मवर्ष आणि गाव माहीत असेल, तर संशोधकाची गरजच पडत नाही.

पणजोबांवरून हक्क सांगता येत नाही. मुख्य अपवाद असा: तुमच्या जन्माच्या आधीच तुमच्या आईने किंवा वडिलांनी त्या नोंदवहीत नाव घातलेलं असेल तर.

इशारा: भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. आयरिश नागरिकत्व स्वेच्छेने घेतलंत की भारतीय नागरिकत्व जातं. अर्जाचा विचार इथून सुरू करा.

पासपोर्ट नको, माणूसच शोधायचा असेल तर पुढे वाचा. आणि प्रश्न एका वाक्यात लिहून काढा. ‘आमचं कूळ’ हा प्रश्न नव्हे. ‘पणजोबांचे आईवडील कोण आणि ते कुठे राहत होते’ हा प्रश्न आहे.

टप्पा २: सुरुवात घरातून, आयर्लंडमधून नव्हे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. आयरिश नोंदी इंटरनेटवर मोफत दिसतात म्हणून माणसं थेट तिकडे उडी मारतात. दहा मिनिटांत नाव जुळणारा कोणीतरी सापडतोच, आणि तोच आपला असं मनाने घेतलं की पुढचा सगळा इमला त्या चुकीच्या माणसावर चढतो.

भारतातला धागा आधी पूर्ण ओढून घ्या. क्रम स्वतःपासून मागे: तुमचा दाखला, आईवडिलांचा, आजी-आजोबांचा. एकही पायरी गाळू नका. बायबलच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या तारखा, पदकं, पदकाच्या कडेवर कोरलेला शिपाई क्रमांक, दफनभूमीतल्या दगडावरचा मजकूर, जुन्या पत्रावरचा टपालशिक्का, सगळ्याचे फोटो काढा. कागदाच्या मागच्या बाजूचाही.

मुंबई इलाख्यातल्या ख्रिस्ती बाप्तिस्मा, विवाह आणि दफनांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या (भारताचा कारभार बघणाऱ्या लंडनच्या सरकारी खात्याच्या) दप्तरात आहेत आणि बऱ्याचशा ऑनलाइन बघता येतात. कॅथलिकांच्या बाबतीत त्या अपुऱ्या आहेत. तिथे नाव नसेल तर ज्या चर्चमध्ये लग्न लागलं तिथल्या मूळ वहीपर्यंत जावं लागतं. लग्नाच्या नोंदीत वडिलांचं नाव असेल तर तो एक शब्द सोन्याचा. आयर्लंडमध्ये दोन सारख्या नावांची माणसं त्याच्यावरूनच वेगळी काढता येतात.

लष्करी माणूस असेल तर आणखी एक फाटा लक्षात ठेवा. तो राणीच्या पलटणीत होता की ईस्ट इंडिया कंपनीच्या? कंपनीच्या गोऱ्या शिपायांचे कागद ब्रिटिश लायब्ररीत, राणीच्या शिपायांचे लंडनमध्ये क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात. एका ठिकाणी नाव नाही म्हणून माणूसच नव्हता असं ठरवू नका. राणीच्या सैन्यातल्या शिपायाचा सेवासमाप्तीचा कागद मिळाला तर त्यावर जन्मस्थान ठरावीक साच्यात असतं: अमुक पॅरिशमध्ये, अमुक गावात किंवा गावाजवळ, अमुक काउंटीत. (पॅरिश म्हणजे लहान स्थानिक विभाग, काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी.) ‘किंवा गावाजवळ’ हे शब्द नीट वाचा. जे गाव लिहिलंय ते बहुतेकदा जवळच्या बाजारपेठेचं असतं, जन्मगावाचं नव्हे. शिवाय कारकुनाने ते ऐकून लिहिलेलं, तेव्हा स्पेलिंगवर विसंबू नका. १८८३ च्या आधी मुख्यतः पेन्शन मिळालेल्यांचेच कागद उरले आहेत, हेही ध्यानात असू द्या.

इशारा: पलटणीच्या नावावरून गाव ठरवू नका. कंपनीची बॉम्बे फ्युसिलियर्स ही पलटण १८६२ मध्ये राणीच्या सैन्यात १०३ क्रमांकाने आली आणि १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युसिलियर्सचा भाग झाली. तिच्यातला शिपाई डब्लिनचाच असेल असं काही नाही.

यात मी स्वतः पोळले आहे. आमच्या यांच्या घरात ‘आपण कॉर्कचे’ असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेले. मी वर्षभर कॉर्कच्या नोंदवह्या चाळल्या, एक ‘जवळपास जुळणारा’ माणूस धरून त्याची भावंडंही मांडून ठेवली. मग यांच्या त्या पूर्वजाचा सेवासमाप्तीचा कागद हाती आला आणि त्यावर काउंटी निघाली रॉसकॉमन, पार दुसऱ्या प्रांतातली. कॉर्कच्या बंदरातून त्यांचं जहाज निघालं होतं, एवढाच कॉर्कचा संबंध. घरात सांगितलं जाणारं गाव पुष्कळदा निघण्याचं बंदर असतं.

तपासणी: पुढे जाण्याआधी हातात पाच गोष्टी हव्यात. पूर्ण नाव, अंदाजे जन्मवर्ष, धर्मपंथ, काउंटी, आणि वडिलांचं किंवा भावंडाचं नाव. तीनच असतील तर इथेच थांबून आणखी शोधा.

टप्पा ३: टाउनलँडपर्यंत पोचा

टाउनलँड नावात टाउन असलं तरी ते शहर नव्हे. जमिनीचा सर्वांत लहान, नाव असलेला तुकडा. आपल्याकडे कोकणात गावाची वाडी असते तसं समजा, फक्त सीमा नकाशावर पक्क्या आखलेल्या. अशी साठ हजारांवर टाउनलँड आहेत आणि एकाच नावाची डझनभर सापडतात. त्यामुळे नुसतं नाव पुरत नाही, त्याच्यावरची उतरंडही लिहायची: टाउनलँड, सिव्हिल पॅरिश, बॅरनी (काउंटीचा जुना पोटविभाग), पुअर लॉ युनियन (गरिबांच्या मदतीसाठी आखलेला विभाग), काउंटी.

घोळ होतो तो पॅरिश या शब्दावर. सिव्हिल पॅरिश महसुली कामाची. कॅथलिक पॅरिश चर्चची. दोघींची नावं आणि हद्दी बऱ्याचदा जुळत नाहीत. जमिनीचे कागद सिव्हिल पॅरिशने लावलेले, बाप्तिस्म्याच्या वह्या कॅथलिक पॅरिशने, जन्म-मृत्यूच्या नोंदी निबंधकाच्या जिल्ह्याने, आणि तो जिल्हा साधारण पुअर लॉ युनियनइतका. म्हणजे एकच घर तीन दप्तरांत तीन वेगळ्या नावांखाली सापडतं. वहीच्या पहिल्या पानावर हा तक्ता करून ठेवा, निम्मी डोकेदुखी जाते. स्पेलिंगसाठी आयरिश सरकारची स्थलनामांची विदागार मोफत आहे.

आपल्याकडे आडनावातच गाव असतं, म्हणून मराठी माणूस आयरिश आडनावातही गाव शोधायला जातो. तिथे तसं नाही. आडनावावरून फार तर प्रदेशाचा अंदाज येतो.

टप्पा ४: मोफत नोंदी स्वतः पाहा, याच क्रमाने

‘सगळं १९२२ मध्ये जळालं’ हे तुम्ही ऐकलं असेल. अर्धं खरं आहे. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातलं सरकारी दप्तर जळालं. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचा बहुतेक भाग, चर्च ऑफ आयर्लंड या प्रॉटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून अधिक वह्या आणि जुनी मृत्युपत्रं त्यात गेली. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे कागद मात्र सरकारनेच आधी नष्ट केले होते, आणि १८८१, १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात रद्दीत लगदा झाले. कॅथलिक वह्या पाद्र्यांकडेच होत्या, म्हणून वाचल्या. जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदीही तिथे नव्हत्या. जळालेल्याच्या ज्या प्रती इतरत्र उरल्या, त्या गोळा करून २०२२ पासून ऑनलाइन ठेवल्या आहेत.

४-अ. जनगणना १९११, मग १९०१. दोन्ही पूर्ण उपलब्ध, आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मोफत. आधी १९११ बघा. त्यात विवाहित स्त्रीला लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, हयात किती, हे विचारलंय. ‘नऊ झाली, सहा हयात’ एवढ्या एका ओळीवरून कळतं की तुम्हाला सापडलेल्या सहा बाप्तिस्म्यांखेरीज आणखी तीन शोधायचे आहेत. तुमचे पणजोबा तोवर भारतात गेलेले असले तरी मागे राहिलेले आईवडील आणि भाऊ इथे सापडतात.

कुटुंबाचा तक्ता बघून लोक पान बंद करतात. घराचा तक्ता उघडा. भिंत दगड-विटांची की मातीची, छप्पर स्लेटचं की गवताचं, खोल्या किती, दर्शनी खिडक्या किती, यांना गुण देऊन घराची प्रत ठरवलेली असते. शिवाय शेजारी कोण, जमिनीचा मालक कोण, हेही तिथेच. लग्नाचे साक्षीदार आणि बाप्तिस्म्याचे धर्मपिता बहुधा या शेजाऱ्यांतलेच निघतात.

इशारा: वयावर जाऊ नका. सत्तरी ओलांडलेल्यांना जानेवारी १९०९ पासून सरकारी पेन्शन सुरू झालं. १९०१ मध्ये साठीच्या आत असलेली कितीतरी माणसं १९११ मध्ये सत्तरीपार दिसतात. दहा वर्षांत पंधरा वर्षांनी म्हातारा झालेला माणूस तुमचाच असू शकतो. या पेन्शनसाठी वय सिद्ध करायला जुन्या १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत शोध घेतला जायचा. मूळ जळालं, पण या शोधांचे कागद उरले. ते जरूर बघा.

४-आ. सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदी. सर्वांसाठी सक्ती १ जानेवारी १८६४ पासून. कॅथलिकेतर विवाह १८४५ पासून. जन्म शंभर वर्षांपूर्वीचे, विवाह पंच्याहत्तर, मृत्यू पन्नास, अशा मर्यादेत मूळ पानांच्या प्रतिमा सरकारी संकेतस्थळावर मोफत आहेत. उत्तरेकडच्या सहा काउंटींच्या (म्हणजे ब्रिटनकडे राहिलेल्या उत्तर आयर्लंडच्या) १९२२ नंतरच्या नोंदी बेलफास्टला.

जन्मनोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतं, विवाहनोंदीत दोघांच्या वडिलांची नावं. त्या काळच्या मृत्युनोंदीत आईवडिलांची नावं नसतात, खबर देणाऱ्याचं असतं. तो बहुधा मुलगा किंवा शेजारी, आणि त्याने सांगितलेलं वय अंदाजपंचे.

बाप्तिस्मा ३ मार्चचा आणि सरकारी नोंदीतला जन्म २० मार्चचा, असं दिसलं तर दचकू नका. नोंदीला उशीर झाला की दंड, म्हणून लोक जन्मतारीख पुढे ढकलून सांगत. अशा वेळी चर्चच्या तारखेवर विश्वास ठेवा.

४-इ. कॅथलिक पॅरिशच्या वह्या. राष्ट्रीय ग्रंथालयाने हजाराहून जास्त पॅरिशच्या वह्यांच्या प्रतिमा २०१५ पासून मोफत खुल्या केल्या आहेत, साधारण १८८० पर्यंतच्या. पश्चिमेकडे त्या उशिरा सुरू होतात. तुमच्या पॅरिशची वही १८५० ला सुरू होत असेल, तर १८४० चा जन्म तिथे शोधून उपयोग नाही. आधी वहीचा काळ बघा, मग नाव.

नावं पुष्कळदा लॅटिनमध्ये. जेकोबस म्हणजे जेम्स, गुलिएल्मस म्हणजे विल्यम. ब्रिजेट पुढे बिडी होते, अमेरिकेत जाऊन डीलिया होते. आडनावाच्या सुरुवातीचा ‘ओ’ कधी असतो, कधी गळतो. दोन्ही तऱ्हांनी शोधा. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं नाव ठेवायची चाल तिथेही होती, आपल्याकडे नातवाला आजोबांचं ठेवतात तशी. खूण म्हणून वापरा, पुरावा म्हणून नको.

४-ई. ग्रिफिथचं मूल्यांकन. १८४७ ते १८६४ या काळातली घर-जमीन धारकांची यादी. सातबारा वाचता येणाऱ्या माणसाला ही वाचायला वेळ लागत नाही. डावीकडे नकाशावरचा क्रमांक, मग धारकाचं नाव, मग तो ज्याच्याकडून जमीन धरतो त्याचं, मग ‘घर, गोठा आणि जमीन’ असं वर्णन, क्षेत्र एकर-रूड-पर्चमध्ये (चार रूडांचा एकर, चाळीस पर्चांचा रूड), शेवटी आकारणी. क्रमांकाशेजारचं छोटं अक्षर म्हणजे त्या तुकड्यातलं एक घर. नावानंतर कंसात दुसरं नाव असेल, उदाहरणार्थ पॅट्रिक केली (जॉन), तर एकाच टाउनलँडमध्ये दोन पॅट्रिक केली होते आणि हा जॉनचा मुलगा. कंस न वाचल्यामुळे बुडालेल्या वंशावळी मी पाहिल्या आहेत.

या यादीत फक्त धारक आहेत. बायकामुलं नाहीत, दुसऱ्याच्या घरात राहणारा मजूर नाही. त्याआधीच्या पिढीसाठी १८२३ ते १८३७ मधल्या चर्चकराच्या याद्या, त्याही फक्त शेतजमिनीच्या.

आणि आता माझ्या आवडीचे कागद. ग्रिफिथनंतर जमीन कोणाच्या नावे झाली याच्या दुरुस्तीवह्या आहेत, म्हणजे आपले फेरफार. जुनं नाव खोडून वर नवं, बाजूला साल, प्रत्येक फेरीची शाई वेगळ्या रंगाची. थॉमस खोडून मायकेल लिहिला आणि बाजूला ८४ असेल, तर थॉमसचा मृत्यू १८८४ च्या आधी दोन-तीन वर्षांत शोधा. उत्तरेच्या वह्या बेलफास्टच्या अभिलेखागाराने ऑनलाइन ठेवल्या आहेत. दक्षिणेच्या बघायला डब्लिनमध्ये माणूस लागतो. संशोधकाचे पैसे सार्थकी लागतात ते इथे.

टप्पा ५: संशोधक निवडा

अडलात, आणि नेमकं कुठे अडलात हे सांगता येतंय, तर वेळ आली. या व्यवसायाला सरकारी परवाना लागत नाही, कोणीही पाटी लावू शकतो. १९८६ मध्ये स्थापन झालेली आणि आता ‘अक्रेडिटेड जिनिऑलॉजिस्ट्स आयर्लंड’ या नावाने चालणारी संस्था स्वतंत्र मंडळाकडून कामाचा दर्जा तपासून सदस्यत्व देते. दोन्ही आयर्लंडमधले संशोधक तिच्यात आहेत. सदस्य नावापुढे ‘एमएजीआय’ लावतात, यादीत कोणाचा हात कशात आहे तेही दिलेलं असतं. बाहेरही चांगले लोक आहेत, पण अनोळखी माणसाला दुरून पैसे पाठवताना ही यादी बरी.

उत्तरेतल्या प्रेस्बिटेरियन (एक प्रॉटेस्टंट पंथ) कुटुंबासाठी बेलफास्टला बसणारा माणूस घ्या, लष्करी गुंत्यासाठी लष्करी कागद वाचणारा. आपलं काम नसेल तर चांगला संशोधक स्वतःच दुसऱ्याचं नाव सुचवतो. डब्लिनला येणार असाल तर आधी किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या मोफत सल्लासेवेत बसा. कित्येकांचं काम तिथेच होतं.

इशारा: निकालाची हमी देणारा, ‘तुमच्या आडनावाचं मानचिन्ह’ (कोट ऑफ आर्म्स) विकणारा किंवा राजघराण्यापर्यंत पोचवतो म्हणणारा दिसला की पाठ फिरवा. मानचिन्ह व्यक्तीला दिलेलं असतं, आडनावाला नाही.

टप्पा ६: कामाचं पत्र लिहा

एका पानात बसवा. साचा असा:

प्रश्न: १८६८ च्या सुमारास रॉसकॉमनमध्ये जन्मलेल्या अमुक यांचे आईवडील आणि टाउनलँड निश्चित करणे.
पक्कं माहीत: १८९१ चं खडकीतलं लग्न, त्यात वडिलांचं नाव थॉमस. प्रत जोडली आहे.
घरात ऐकलेलं, पुरावा नाही: मेरी नावाची बहीण अमेरिकेला गेली.
पाहून झालं: अमुक दोन पॅरिशच्या वह्या, १८६० ते १८७५. तीन उमेदवार मिळाले, यादी सोबत.
मर्यादा: पहिल्या फेरीला अमुक तास. त्यापुढे विचारल्याशिवाय नको.

दुसरी आणि तिसरी ओळ एकत्र करू नका. पुरावा आणि ऐकीव एकाच परिच्छेदात आलं, की ऐकीव गोष्ट तपासण्यातच तुमचे तास जातात. ‘पाहून झालं’ ही ओळ गाळलीत तर तेच काम पुन्हा होईल आणि बिलात येईल. उमेदवार लपवू नका. ‘बघू यांना तोच सापडतो का’ अशी परीक्षा घेणारे लोक असतात, ती परीक्षा स्वतःच्या पैशाने घेतात.

पैसे बहुधा आगाऊ द्यावे लागतात आणि ते वेळेचे असतात, सापडण्याचे नव्हेत. दप्तरांचं शुल्क त्यात धरलंय का, अहवाल कधी, प्रती मिळणार का, हे आधी लेखी विचारा.

टप्पा ७: अहवाल आल्यावर

शेवटचं पान उघडून नाव शोधू नका. आधी काय काय पाहिलं त्याची यादी वाचा, विशेषतः ‘काही आढळलं नाही’ असं जिथे लिहिलंय त्या ओळी. १८६४ ते १८७२ मधले त्या जिल्ह्यातले सगळे थॉमस बघितले आणि दोन उरले, हा नीट झालेल्या कामाचा निकाल आहे. प्रत्येक विधानामागे कोणती नोंद आहे ते जुळवा. ‘बहुधा’ लिहिलेलं आपल्या वंशवृक्षात चढवताना ‘बहुधा’ गाळू नका, पुढच्या पिढीत तेच सत्य होतं.

दोन उमेदवार उरले तर डीएनए चाचणीचा उपयोग होतो. पण घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाची करा, सर्वांत उत्साही माणसाची नव्हे.

टाउनलँड पक्कं झालं आणि बघायला यायचं ठरवलंत तर ग्रिफिथच्या नकाशाची प्रत बरोबर आणा. शेतं आजही पुष्कळदा त्याच बांधांत असतात, आणि ते छोटं अक्षर जिथे आहे तिथे दगडांचा ढीग किंवा गुरांचा गोठा सापडतो. जमीन दुसऱ्याची आहे, म्हणून आधी जवळच्या घरी विचारा. सापडलेली नावं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या, उच्चारावरून घोळ होतो. आणि आत शिरलात की मागचं फाटक लावून घ्या, गुरं बाहेर पडतात.